दुसऱ्या माणसाचं नाव : साइडकार मोटोक्रॉसचा एक हंगाम आणि इतिहासाचा एक प्रश्न

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा संयोजकांना दोन-तीन जणांनी विचारलं म्हणे, की विषय छापताना काही चूक तर झाली नाही ना? तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेला माणूस चिखलात धावणाऱ्या तीनचाकी मोटारसायकलींबद्दल बोलणार, हे जरा विचित्र वाटणं साहजिक आहे. पण विषय बरोबर छापला आहे. या खेळाच्या इतिहासात एक प्रश्न अगदी उघड्यावर पडलेला आहे. तो असा : दोन माणसांनी मिळून एक काम केलं, तर ते काम कोणी केलं? वर्गात हा प्रश्न मांडला की तो लगेच शब्दांच्या खेळात हरवतो. इथे त्याला इंजिन आहे, गुणतक्ता आहे आणि हाडं मोडण्याची शक्यताही आहे. म्हणून हे उदाहरण मला फार उपयोगी वाटतं.

आधी हा खेळ काय आहे ते बघू. साइडकार म्हटलं की आपल्याकडच्या साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांना स्कूटरला जोडलेला तो डबा आठवतो. नवरा स्कूटर चालवतोय, मागे एक पोरगं, डब्यात बायको आणि तिच्या मांडीवर दुसरं पोरगं. तरुण मंडळींना आठवेल ‘शोले’मधली जय आणि वीरूची गाडी. या दोन्ही ठिकाणी साइडकार म्हणजे बसायची जागा. मोटोक्रॉसच्या साइडकारमध्ये मात्र बसायला जागाच नाही. मोटारसायकलच्या एका बाजूला पाइपांची चौकट, तिच्यावर उभं राहण्यापुरता एक पाट, धरायला दांडे आणि बाहेरच्या बाजूला एक चाक. संपलं. या पाटावर एक माणूस उभा असतो आणि गाडी उंचसखल, चिखलाच्या, वाळूच्या, दगडगोट्यांच्या मार्गावरून उड्या मारत जात असते.

हा दुसरा माणूस तिथे कशाला? साधी दुचाकी वळणावर कलते. ती कलते म्हणून वळते, हे आपण सगळेच अंगाने जाणतो. तीनचाकी कलू शकत नाही. साइडकार ज्या बाजूला आहे त्या बाजूला वेगाने वळलात, तर साइडकारचं चाक जमिनीवरून उचललं जातं आणि गाडी पलटी व्हायला निघते. मग या माणसाने काय करायचं? पाटाच्याही बाहेर अंग झोकून द्यायचं, इतकं की पाठ जवळजवळ जमिनीला लागावी. विरुद्ध बाजूचं वळण आलं की झटकन आत यायचं आणि चालकाच्या मागून पलीकडे झुकायचं. सरळ रस्त्यावर मागच्या चाकाला पकड हवी, म्हणून वजन मागे न्यायचं. उडी असली तर हवेत असतानाच गाडी सपाट राहील असं शरीर हलवायचं, म्हणजे उतरताना ती नाकावर आदळत नाही. हे सगळं अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ, न थांबता. या बाजूच्या ताणापुढे साध्या दुचाकीचा पुढचा दांडाही टिकत नाही, म्हणून या गाड्यांचं पुढचं चाक वेगळ्या, जाड भुजांवर बसवलेलं असतं. लोखंडाला जे झेपत नाही त्याच्या शेजारी हा माणूस हाताच्या पकडीवर तग धरून असतो.

आता या माणसाला म्हणायचं काय? इंग्रजीत अधिकृत शब्द ‘पॅसेंजर’, म्हणजे प्रवासी. यापेक्षा चुकीचा शब्द शोधून सापडणार नाही. प्रवासी तिकीट काढतो आणि खिडकीतून बाहेर बघतो. ब्रिटिश बोलीत त्याला ‘मंकी’ म्हणतात, माकड. ऑस्ट्रेलियात ‘स्विंगर’, झोके घेणारा. डच लोक म्हणतात ‘बाक्केनिस्ट’, म्हणजे डब्यातला माणूस. जर्मन शब्द ‘बायफारर’, सोबत चालवणारा. या सगळ्यांत मला जर्मन शब्द प्रामाणिक वाटतो, कारण त्यात ‘चालवणं’ हे क्रियापद दोघांनाही दिलेलं आहे. आपल्या मराठीत दुचाकीवर मागे बसणाऱ्याला आपण ‘डबलसीट’ म्हणतो. ‘मी डबलसीट आलो’ म्हणतो. म्हणजे माणूस गेला आणि नुसती सीट उरली! नावं अशी सहज पडतात, पण कोणाच्या वाट्याला किती श्रेय जाणार हे बऱ्याचदा नावातच ठरून जातं.

थोडं मागे जाऊ. मोटोक्रॉसचं मूळ इंग्लंडमध्ये आहे. १९२४ साली सरे परगण्यात कॅम्बर्लीजवळ एक शर्यत झाली. ती या खेळाची सुरुवात मानली जाते, आणि त्या प्रकाराला तेव्हा ‘स्क्रॅम्बल’ म्हणत. दुसऱ्या महायुद्धानंतर हा खेळ युरोपच्या मुख्य भूमीवर पसरला. १९४७ मध्ये नेदरलँड्समधल्या वासेनारला राष्ट्रांच्या संघांची पहिली स्पर्धा झाली. ५०० सीसी गटाचं युरोपीय अजिंक्यपद १९५२ पासून आणि जागतिक अजिंक्यपद १९५७ पासून. साइडकारवाले या सगळ्यात होते, पण कडेला. त्यांची युरोपीय पातळीवरची स्पर्धा १९७० च्या दशकात उभी राहिली आणि जागतिक अजिंक्यपद मिळालं ते थेट १९८० मध्ये.

डांबरी रस्त्यावरच्या साइडकार शर्यतींना मात्र हा मान खूप आधी मिळाला, अगदी जागतिक स्पर्धेच्या पहिल्याच वर्षी, १९४९ मध्ये. पहिला विजेता इंग्लंडचा एरिक ऑलिव्हर, गाडी नॉर्टन, आणि त्याच्या साइडकारमध्ये डेनिस जेन्किन्सन. ऑलिव्हर चार वेळा जगज्जेता झाला : १९४९, ५०, ५१ आणि ५३. सोबती मात्र बदलत गेले. जेन्किन्सननंतर इटलीचा लोरेन्झो डोबेली, मग स्टॅन्ली डिबेन. नोंदीत चार विजेतेपदं ऑलिव्हरच्या नावावर. बरं का, हा नमुना लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

जेन्किन्सनकडे जरा थांबावंसं वाटतं. हा मूळचा लेखक, मोटार-पत्रकार. साइडकार सोडल्यावर १९५५ मध्ये तो इटलीतल्या ‘मिल्ले मिल्या’ शर्यतीत स्टर्लिंग मॉसच्या शेजारी बसला. सुमारे हजार मैलांचा रस्ता. त्याने आधी तो रस्ता पालथा घालून प्रत्येक वळणाच्या नोंदी केल्या, त्या कागदाच्या लांबलचक गुंडाळीवर उतरवल्या आणि ती गुंडाळी एका डबीत बसवली. शर्यतीत ती फिरवत फिरवत तो मॉसला हाताच्या खुणांनी पुढचं वळण सांगत होता, कारण आवाजात बोलणं ऐकूच येत नव्हतं. १० तास ७ मिनिटं ४८ सेकंदांत त्यांनी शर्यत जिंकली. ताशी सरासरी १५७ किलोमीटरच्या आसपास. मॉसला न दिसणाऱ्या टेकाडापलीकडे गाडी पूर्ण वेगात घालावी लागत होती, केवळ शेजारच्या माणसाच्या बोटावर विश्वास ठेवून. आणि या शर्यतीबद्दल आपल्याला इतकं तपशिलात माहीत आहे, त्याचंही कारण जेन्किन्सनच आहे. तो लिहिणारा होता, त्याने ते लिहून ठेवलं. शेजारी बसणारा सहसा लिहीत नाही, म्हणून त्याची बाजू सहसा उरत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी हे टिपून ठेवण्यासारखं आहे.

१९४९ हेच वर्ष आमच्या विषयातही महत्त्वाचं आहे. त्या वर्षी गिल्बर्ट राइलचं ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’ प्रसिद्ध झालं. राइलचा मुद्दा थोडक्यात असा : ‘अमुक असं आहे हे माहीत असणं’ आणि ‘अमुक कसं करायचं ते येणं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोहायला येणाऱ्याच्या डोक्यात आधी पोहण्याचं पुस्तक उघडलेलं नसतं. राइलची उदाहरणं बहुतेक एकेकट्या माणसाची आहेत. साइडकारमधलं ‘येणं’ मात्र एका माणसात मावतच नाही. चालकाला मागचा माणूस दिसत नाही. हेल्मेट आणि इंजिनाचा आवाज यांमुळे बोलणं शक्य नाही. तरी वळणाआधीच्या क्षणी चालक जो वेग ठरवतो तो मागचा माणूस योग्य जागी असेल हे गृहीत धरूनच. तो तिथे नसेल तर तो वेग चूक ठरतो. म्हणजे चालकाचं कौशल्य अर्धं दुसऱ्याच्या शरीरात साठवलेलं असतं. म्हणूनच भाऊभाऊ या खेळात वारंवार दिसतात. स्वित्झर्लंडचे हुस्सर बंधू जगज्जेते झाले. एका अंगणात वाढलेल्यांना एकमेकांच्या हालचाली आधीच कळतात.

आता १९८० नंतरची यादी बघा. पहिले जगज्जेते पश्चिम जर्मनीचे राइनहार्ड ब्योलर आणि झीगफ्रीड म्युलर. पुढच्या वर्षी नेदरलँड्सचे टॉन फान हॉइख्टन आणि फ्रिट्स किखेन. मग स्विस जोड्यांचा काळ, त्यात हान्सी बेख्टोल्ड आणि फ्रिट्झ फुस ही जोडी सर्वांत गाजलेली. मोठ्या जपानी कंपन्यांनी या खेळासाठी तयार गाड्या कधी बनवल्या नाहीत. चौकटी बनवल्या छोट्या कारखान्यांनी : इंग्लंडमधल्या ‘वास्प’ने, नेदरलँड्समधल्या ‘ईएमएल’ने, नंतर ‘व्हीएमसी’ आणि ‘डब्ल्यूएसपी’ने. जर्मनीतल्या ‘झाबेल’ने तर खास याच खेळासाठी इंजिनं बनवली. हा कारागिरांचा खेळ आहे. यातले बहुतेक खेळाडू आठवडाभर आपापली नोकरी-व्यवसाय करतात आणि शुक्रवारी व्हॅनमध्ये गाडी घालून निघतात. जगज्जेतेपद आहे, पण त्यावर घर चालत नाही.

१९९० च्या दशकाच्या शेवटी नकाशा पूर्वेकडे सरकला. लाटव्हियाचे क्रिस्टर्स सेर्गिस आणि आर्टिस रास्मानिस यांनी १९९७, १९९८, २०००, २००१ आणि २००२ अशी पाच विजेतेपदं मिळवली. लाटव्हियाची लोकसंख्या तेव्हा पंचवीस लाखांच्या आत, म्हणजे आपल्या पुणे शहरापेक्षा कमीच म्हणा. स्वातंत्र्य मिळून जेमतेम सहा वर्षं झालेल्या देशाच्या ध्वजासाठी ही जागतिक विजेतेपदं काय असतील, याची कल्पना करा. आणि तेव्हापासून लाटव्हियाने आणखी एक गोष्ट जगाला पुरवली : दुसरा माणूस. पश्चिम युरोपातला चालक आणि लाटव्हियन सोबती अशा जोड्या नंतरच्या काळात पुन्हा पुन्हा दिसतात.

आता आपण २००९ च्या हंगामाकडे येऊ. जागतिक अजिंक्यपदाचा हा तिसावा हंगाम. हंगामाचा साचा सोपा आहे. वसंतात सुरुवात, सप्टेंबरात शेवट, सगळ्या शर्यती युरोपातच. नेदरलँड्समधलं ओल्डेब्रूक, जर्मनीतलं रुडर्सबर्ग, लाटव्हियातलं केगुम्स, एस्टोनियातलं किविओली, युक्रेनमधलं चेर्निव्हत्सी, स्वित्झर्लंडमधलं रोगेनबुर्ग, ही या जगातली तीर्थक्षेत्रं. बहुतेक गावं छोटी. किविओलीचा मार्ग तर तेलखाणीच्या राखेच्या जुन्या टेकडीला लागून आहे. शनिवारी पात्रता फेऱ्या, रविवारी दोन शर्यती. प्रत्येक शर्यत ३० मिनिटं अधिक दोन फेऱ्यांची. पहिल्याला २५ गुण, मग २२, २०, १८, १६, आणि सहाव्यापासून १५, १४ असे उतरत विसाव्याला एक गुण.

हे गुण कंटाळवाणे वाटतील, पण यात एक विचार आहे. समजा एका जोडीने एक शर्यत जिंकली आणि दुसरीत गाडी बंद पडली, तर २५ गुण. दुसरी जोडी दोन्ही वेळा शांतपणे दुसरी आली, तर ४४. म्हणजे हा तक्ता चमकण्याला थोडं बक्षीस देतो आणि टिकण्याला भरपूर. एखादा चालक तीन रविवार दुखापतीमुळे घरी बसला तर दीडशे गुणांची शक्यता गेली. आणि दुखापत सोबत्याला झाली तरी तितकंच. चालक ठणठणीत असेल, पण डब्यात माणूस नाही तर तो सुरुवातीच्या रेषेवरच येऊ शकत नाही. म्हणून हंगामाच्या मध्यावर नव्या सोबत्याला उभं करण्याची धावपळ या खेळात नेहमीची आहे.

२००९ च्या सुरुवातीला या खेळावर एका माणसाचं राज्य होतं : नेदरलँड्सचा डानियल विलेमसेन. पहिलं विजेतेपद १९९९ मध्ये, भाऊ मार्सेल सोबत असताना. मग २००३ ते २००८ सलग सहा. आणि सोबती? लाटव्हियाचा कास्पार्स स्टुपेलिस, मग स्वेन व्हर्ब्रुग्गे, मग स्वित्झर्लंडचा रेटो ग्रुटर. बघा, ऑलिव्हरचाच नमुना. २००९ मध्ये ही साखळी तुटली. विजेतेपद बेल्जियमच्या योरिस हेंड्रिक्सने घेतलं, आणि त्याच्या डब्यात होता कास्पार्स लिएपिन्श, पुन्हा एक लाटव्हियन. पुढच्या तीन वर्षी, २०१० ते २०१२, विलेमसेन परत आला आणि त्याने आपली एकूण दहा विजेतेपदं पूर्ण केली. म्हणजे दहा वर्षांच्या त्या पट्ट्यात २००९ हा एकच हंगाम वेगळा पडतो. सांख्यिकीवाला म्हणेल, अपवाद. इतिहासकाराने मात्र अशा अपवादाजवळ बसावं. जिथे नियम मोडतो तिथेच तो नियम कशाकशावर उभा होता हे दिसतं.

तर मूळ प्रश्न : विलेमसेनची दहा विजेतेपदं कोणाची?

एक उत्तर सरळ आहे. जॉन स्टुअर्ट मिलने कारण शोधण्याच्या ज्या पद्धती सांगितल्या त्यातली एक अशी : परिणाम सारखा, बाकी सगळं बदलतं, एकच गोष्ट कायम, तर ती कायम गोष्ट हे कारण. इथे सोबती बदलले, गाड्या बदलल्या, चालक कायम. म्हणून श्रेय चालकाचं. पटतं ना? आता हीच पद्धत उलटी लावा. कास्पार्स स्टुपेलिस विलेमसेनबरोबर जगज्जेता झाला. पुढे २०१५ मध्ये तोच स्टुपेलिस एटियेन बाक्स नावाच्या दुसऱ्या डच चालकाबरोबर पुन्हा जगज्जेता झाला. इथे चालक बदलला, मध्ये दशकभर गेलं, कायम राहिला तो डब्यातला माणूस. मिलच्या पद्धतीने आता श्रेय स्टुपेलिसचं! पद्धत तीच, उत्तरं दोन. याचा अर्थ पद्धत खोटी असा नव्हे. याचा अर्थ असा की आपण कोणाची यादी समोर ठेवून बसलो आहोत त्यावर उत्तर ठरतं. विजेत्यांच्या याद्या चालकाच्या नावाने लावलेल्या असतात. सोबत्याच्या नावाने यादी लावली, की दुसराच इतिहास दिसायला लागतो.

आपल्या परंपरेत या कोड्याला एक प्रसिद्ध रूपक आहे. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत, एकविसाव्या कारिकेत, पुरुष आणि प्रकृती यांच्या संयोगाला पांगळा आणि आंधळा यांची उपमा दिली आहे. आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसतो. एक चालतो, दुसरा बघतो, दोघं वाट काढतात. साइडकारला हे रूपक चटकन लागू पडेल असं वाटतं, पण नीट बघितलं तर पडत नाही. सांख्यांच्या जोडीत कामाची वाटणी पक्की आहे : बघणारा करत नाही, करणारी बघत नाही. साइडकारमध्ये दोघंही बघतात आणि दोघंही करतात. शिवाय सांख्यांच्या मते काम झालं की दोघांनी वेगळं व्हायचं, तीच मुक्ती. इथे वेगळं झालं की शर्यतच संपते.

मला महाभारतातली रथी-सारथ्याची जोडी जास्त जवळची वाटते. कर्णाने शल्याला सारथी म्हणून मागून घेतलं. शल्य घोडे हाकण्यात निष्णात होता, त्यात कमतरता नव्हती. पण त्याने आधीच युधिष्ठिराला शब्द दिला होता आणि रथावर बसून तो कर्णाचा तेजोवध करत राहिला. कौशल्य पूर्ण, भरवसा शून्य. म्हणजे दोन कुशल माणसं शेजारी ठेवली की जोडी होते असं नाही. ती जोडी होते जेव्हा एकाला दुसऱ्याच्या बाजूने चुकण्याची भीती वाटेनाशी होते. व्यास हे जाणून होते. गुणतक्त्यात त्याच्यासाठी रकाना नाही.

आता दुसऱ्या माणसाच्या प्रश्नावर या खेळाने स्वतः काय निर्णय दिला ते सांगतो, कारण तो इतिहास फार बोलका आहे. हे घडलं डांबरी शर्यतींत. १९७० च्या दशकात तंत्र झपाट्याने बदललं. १९७८ चं अजिंक्यपद स्वित्झर्लंडच्या रोल्फ बिलांडने मिळवलं, सोबती केनी विल्यम्स. त्यांची ‘बीओ’ ही गाडी मोटारसायकलपेक्षा छोट्या मोटारीसारखी होती. रचना अशी, की ती दुसऱ्या माणसाच्या हालचालीशिवायच वळणात स्थिर राही. तो फक्त तिथे असायचा. म्हणजे इंजिनिअरांनी प्रश्न सोडवला होता. माणसाचं काम यंत्राने काढून घेतलं होतं, आणि वेग वाढला होता. प्रगती म्हणायची तर हीच.

आंतरराष्ट्रीय महासंघाने काय केलं? १९७९ मध्ये स्पर्धेचे दोन भाग केले. एक पारंपरिक गाड्यांचा, एक या नव्या प्रकारांचा. त्या एका वर्षी दोन जगज्जेते झाले. आणि मग नव्या प्रकारांना दार बंद केलं. पुढच्या नियमांनी गाडीची रचना अशी बांधून दिली की सोबत्याला पुन्हा काम उरलं. वेगाने जिंकलेल्या गाडीला वेगाच्याच खेळातून बाहेर काढलं. हे मागासलेपण होतं का? बऱ्याच जणांनी तसं म्हटलं असेल. मला वाटतं तो एक तात्त्विक निर्णय होता, आणि तो देणाऱ्यांना बहुधा ते माहीतही नसेल. त्यांनी ठरवलं की या खेळाचा हेतू तीन चाकं लवकर पोचवणं हा नाही. हेतू आहे दोन माणसांनी मिळून ती पोचवणं. हेतू एकदा असा सांगितला की अनावश्यक माणूस हे अपयश ठरतं, यश नाही.

आपल्याकडे हा प्रश्न रोज येतो, फक्त आपण तो असा मांडत नाही. ट्रकवरचा क्लीनर घ्या. रात्री ड्रायव्हरशी बोलत राहणारा, घाटात उतरून चाकाला दगड लावणारा, मागे घेताना हात आपटून ‘आने दो’ ओरडणारा. एसटीच्या गाडीवर ‘विनावाहक’ अशी पाटी आता आपल्या सवयीची झाली आहे. अशा वेळी हिशेब मांडला जातो तो पगाराचा. तो मांडायलाच हवा, मी त्याच्या विरोधात नाही. पण हिशेबाआधी हेतू ठरवावा लागतो. प्रवासी एका ठिकाणाहून दुसरीकडे पोचवणं एवढाच हेतू असेल तर वाहक जास्तीचा आहे. रात्री अकराला एखाद्या फाट्यावर उतरणाऱ्या बाईला ‘जरा थांबा, कोणी न्यायला आलंय ना बघू’ असं म्हणणं हाही हेतू असेल, तर तो जास्तीचा नाही.

शेवटचा मुद्दा श्रेयाबरोबर येणाऱ्या दुसऱ्या गोष्टीचा. इंगे श्टोल नावाची एक जर्मन तरुणी फ्रान्सच्या जाक द्रियोंबरोबर सोबती म्हणून शर्यतीत उतरायची. १९५४ मध्ये आइल ऑफ मॅनच्या प्रसिद्ध टीटी शर्यतीत उतरणारी ती पहिली स्त्री ठरली, आणि ही जोडी पाचवी आली. स्त्रियांना त्या शर्यतीचं दार आधी उघडलं ते चालक म्हणून नव्हे, साइडकारमधला दुसरा माणूस म्हणून. याचा अर्थ मला दोन्ही बाजूंनी दिसतो. दुसरी जागा कमी लेखली जात होती म्हणून ती मिळाली, हे एक. आणि त्या कमी लेखलेल्या जागेवरून तिने इतिहास केला, हे दुसरं. १९५८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात ब्रनो इथे झालेल्या अपघातात श्टोल आणि द्रियों दोघंही गेले. श्रेय वाटताना आपण पहिला-दुसरा करतो. धोका वाटला गेला तेव्हा पहिला-दुसरा नव्हता.

म्हणून इतिहास लिहिणाऱ्यांना माझं एक साधं सांगणं आहे. जिथे एका नावापुढे मोठा आकडा दिसेल, चार विजेतेपदं, दहा विजेतेपदं, तिथे शेजारी कोण होतं हे शोधा. दर वेळी ते सापडेलच असं नाही. या खेळाच्या नोंदवह्यांचं कौतुक हे की त्यांनी दुसरं नाव लिहून ठेवलं, मधे एक तिरकी रेघ मारून का होईना. त्यामुळेच आज मला स्टुपेलिसची यादी लावता आली.

(व्याख्यानानंतरच्या प्रश्नांपैकी दोन.)

प्रश्न : सर, चालकाचा निर्णय शेवटी महत्त्वाचा असतोच ना? ब्रेक आणि वेग त्याच्याच हातात आहेत.

उत्तर : आहेत, आणि ते मी नाकारत नाही. दोघांचं काम सारखं आहे असं मी म्हटलं नाही. दोघांचं काम एकमेकांशिवाय अपुरं आहे, एवढंच म्हटलं. सारखेपणा आणि आवश्यकता या वेगळ्या गोष्टी आहेत. मी जिना चढतो तेव्हा दोन्ही पाय एकाच वेळी वर जात नाहीत, पण कोणता पाय चढला असं विचारलंत तर मला उत्तर देता येणार नाही. जबाबदारी चालकाची जास्त असेल. मग अपघात झाला तर दोषही त्याला जास्त द्यावा लागेल. श्रेय जास्त आणि दोष निम्मा, अशी वाटणी मात्र कोणी मागू नये.

प्रश्न : सोबत्यालाच स्वतःचं नाव पुढे यावं असं वाटत नसेल तर? काही माणसांना मागे राहणंच आवडतं.

उत्तर : प्रश्न चांगला आहे. अशी माणसं असतात, आणि त्यांच्या स्वभावाचा मान ठेवावा. पण नाव पुढे येणं आणि नाव नोंदलेलं असणं यांत फरक आहे. पहिलं त्यांच्या आवडीवर सोडू. दुसरं त्यांच्या आवडीचा प्रश्न नाही, ते खऱ्याखोट्याचा प्रश्न आहे. २००९ मध्ये जगज्जेता कोण झालं असं कोणी विचारलं आणि मी ‘योरिस हेंड्रिक्स’ म्हणून थांबलो, तर मी नम्र माणसाची इच्छा पाळली असं होत नाही. मी अर्धं उत्तर दिलं असं होतं. हेंड्रिक्स आणि लिएपिन्श, हे पूर्ण उत्तर.

आज इथेच थांबू.